बिनकल्हईचा हंडा

सकाळी सात वाजता हयवदनरावांनी तांब्याचा हंडा स्वयंपाकघरातून उचलून आणला आणि अंगणात आपटला. काठाला पोचा पडला.

"मोडीत घाल," ते बायकोला म्हणाले. "आजच. चिकपेटेच्या बाजारात."

अहल्येने हंडा उभा केला. कालच तिने तो चिंचेने घासला होता. उन्हात तो लखलखत होता.

ओसरीवरून अनुसूयाबाईंचा आवाज आला. "बिनकल्हईच्या हंड्यातलं पाणी पोरांना देऊ नकोस, सांगून थकले. पण बाईसाहेबांना माहेरची रीत प्यारी!"

"तुमचंही माहेर तेच, आत्या," अहल्या म्हणाली.

अनुसूयाबाई तिच्या सासू. त्याआधी तिच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण.

उपेंद्र आत अंथरुणावर होता. एकोणीस वर्षांचा मुलगा. वर्षभर त्याचे हात कापत होते, जीभ जड झाली होती. हयवदनरावांनी एकदा त्याचं तोंड हुंगून थोबाडीत मारली होती, "कुठल्या गुत्त्यात बसतोस?" म्हणून. मागच्या आठवड्यात इस्पितळात डॉक्टर गुरुराज यांनी त्याच्या डोळ्याशी भिंगाचा दिवा धरला. बुबुळाच्या कडेने हिरवट-तपकिरी कडं उमटलं होतं. तांबं.

डॉक्टर कानडीत, सावकाश समजावत होते. तांबं सगळ्यांच्याच अन्नात असतं आणि पित्तावाटे निघून जातं. याच्या यकृतातल्या पेशी ते सोडत नाहीत. साठवत राहतात, भरतात, मरतात. मग ते मेंदूत जातं, डोळ्यांत जातं.

"हंड्यातल्या पाण्याने, डॉक्टर?" अहल्येने विचारलं होतं.

"हंड्याने नाही, अम्मा. हा दोष जन्माचा. आई आणि वडील, दोघांकडून आला तरच रोग होतो. लग्नाआधीचं तुमचं काही नातं?"

"नाही," हयवदनराव म्हणाले.

अहल्येने वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते टोपी सारखी करत होते.

"पण आत्या तर..." ती म्हणाली.

"अत्ते रागावतात ना?" डॉक्टर हसले. "रागावू देत. अत्ते सगळ्यांच्या सारख्याच."

कानडीत सासूला अत्ते म्हणतात. वडिलांच्या बहिणीलाही अत्तेच. डॉक्टरांना सासू ऐकू आली होती.

"सरी, ठीक आहे, डॉक्टर," म्हणत हयवदनराव उठले. त्यांनी अहल्येचं कोपर धरलं होतं.

"धाकटं कुणी असेल तर एकदा आणा," डॉक्टर मागून म्हणाले. "आधी कळलं तर फरक पडतो. औषध परदेशातून मागवावं लागेल, पण आहे."

रस्त्यात हयवदनराव हलक्या आवाजात बोलले. "वैशाखात आपल्या पोरीचं, विद्येचं लग्न. तुझ्याच भावाशी, दामोदरशी. रोग नात्यातल्या लग्नातून आला हे कळलं तर तो तरी करील का? आणि बाहेरचा कोण करील? घराण्यात रोग आहे म्हणतील."

"मग लोकांना काय सांगायचं?"

"हंडा," ते म्हणाले.

आठवड्याभरात ते गल्लीला पाठ झालं. अहल्येने कल्हई केली नाही, आणि पोराच्या अंगात तांबं गेलं. शेजारच्या प्रेमाक्का दारातून सांगून गेल्या, "आमच्याकडे पितळेचाच हो, आणि दर सणाला कल्हई." अहल्येने मान हलवली होती.

आज ती विद्येला घेऊन निघाली. हंडा विद्येच्या कडेवर होता. चिकपेटेत भांड्यांच्या दुकानांशी विद्या थांबली. अहल्या चालतच राहिली.

"आई, मोडीचं दुकान मागे राहिलं."

"चल तू."

इस्पितळात डॉक्टर गुरुराज यांनी अहल्येला ओळखलं. अहल्या उभीच राहिली.

"डॉक्टर, त्या दिवशी मी आत्या म्हणाले, तुम्हाला अत्ते वाटलं. सासूच आहेत त्या. पण माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीणही. आणि ही विद्या, उपेंद्राच्या पाठची. हिचं लग्न माझ्या भावाशी ठरलंय."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "यजमानांना ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"त्यांना ठाऊक आहे की मी हंडा विकायला गेलेय."

"काय चाललंय, आई?" विद्या म्हणाली. हंडा तिने अजून कडेवरच धरला होता.

अहल्येने तो काढून घेतला आणि भिंतीशी ठेवला. डॉक्टरांनी पडदा ओढला. विद्येची हनुवटी टेकवून त्यांनी दिवा आधी उजव्या डोळ्याशी नेला, मग डाव्या.

"स्वल्प वर बघ," ते म्हणाले, आणि दिवा पुन्हा उजव्या डोळ्याकडे वळवून बुबुळाच्या कडेशी थांबवला.