उजवीकडची नावं

सरदारमियाँवर तक्रार मी केली, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा ते बरं.

साल अठ्ठावन्न. सरकारी दवाखान्यात मी हेडक्लार्क होतो. निजामाच्या काळातले रोग्यांचे कागद उर्दूत, गठ्ठे बांधून माळ्यावर पडलेले. नवे डॉक्टर गोपाळकृष्ण मेंदूतल्या गाठींवर संशोधन करत होते. डोकेदुखी, फेफरं, नजर जाणं, असल्या जुन्या रोग्यांची नावं-गावं त्यांना हवी होती. घरोघरी जाऊन पुढं काय झालं ते विचारायचं होतं. मला उर्दू अक्षरं लावत कसंबसं वाचता येई; सराईतपणे वाचणारे एकटे सरदारमियाँ उरले होते आणि तेवढ्यावरच त्यांची नोकरी टिकली होती.

सहा महिने त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात मराठी नकला केल्या. श्रावणात काहीतरी बिघडलं. नकलेत दुखणं असे, औषध असे. रोग्याचं नाव गायब. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते आणि सरदारमियाँ ओळीची सुरुवातच सोडून देत होते. बिननावाचा रोगी शोधायचा कुठं? डॉक्टर वैतागले, आणि बोलणी मला खावी लागली.

मी मुळातच तापट. जाब विचारला तर म्हणाले, कागदावर आहे तेवढंच लिहितो. मी नावावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा ओशाळले; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. राज्य गेल्याचा राग हा माणूस असा काढतोय, असं मी डोक्यात घेतलं. आता लाज वाटते. डॉक्टर महिनाभर परगावी गेले होते. तेवढ्यात मी रोज, तारखेवार, त्यांच्या चुका टिपल्या आणि कामचुकारपणाचा अर्ज वर पाठवला. सरदारमियाँना घरी बसवलं.

डॉक्टर परतले. अर्ज वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"मार्तंडराव, पहिल्या आठवड्यात एकच शब्द गळतोय. चौथ्यात अर्धी ओळ. हा माणूस कामचुकार नाही."

मला जीपमध्ये घालून ते तडक अणदूरला, सरदारमियाँच्या घरी निघाले. सरदारमियाँना समोर बसवून त्यांच्या उजव्या बाजूला आपला हात वर धरला आणि बोटं किती, असं विचारलं.

"कुठं हायेत बोटं?" सरदारमियाँ म्हणाले.

सोलापूर झालं, मुंबई झाली. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ होती, हात लावण्यापलीकडं गेलेली; तिच्यामुळं उजवीकडचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी माझा अर्ज संशोधनासाठी मागून घेतला. गाठ कशी वाढत गेली याची इतकी बारीक नोंद त्यांना कुठल्याच रोग्याची मिळाली नव्हती. त्यांनी माझे आभार मानले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माफी मागायला मी एकटाच अणदूरला गेलो. सरदारमियाँचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या बायकोनं, शरिफाबींनी, खाटेशेजारी स्टूल दिलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. काय बोलायचं ते मी वाटेत दहादा घोकलं होतं.

कप घेऊन त्या पलीकडून आल्या, तेव्हा सरदारमियाँनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडं बघत विचारलं, "मार्तंडराव आजबी आले न्हाईत? लई रागात हायेत. आले तर सांग, म्या जाणून न्हाय केलं. माफ करा म्हणावं."

मी त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर बसलो होतो. शरिफाबी माझ्याकडं बघत राहिल्या. खाटेला वळसा घालून पलीकडं गेलो असतो तर सरदारमियाँना दिसलो असतो. मी उठलो, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर पडलो.