मोडता कामा नये

आमच्या विद्यापीठाला निसर्गाची आठवण दर दोन वर्षांनी येते आणि ती कलादालनातच येते, कारण तिथे वातानुकूलन आहे. यंदाच्या प्रदर्शनाचे नाव संचालकांनी ठरवले होते, 'जिवंत भूमी'. मांडणी माझी होती. छायाचित्रे होती, निसर्गचित्रे होती, प्लास्टिकच्या बाटल्यांचा अपरिहार्य देवमासाही होता. परंतु ज्या एका वस्तूसाठी मी हा खटाटोप पत्करला ती दालनाच्या मधोमध होती: पलंगाएवढी, हातभर जाड, उघडी माती.

ती आत्याची. आत्या इथेच शिल्पकला शिकवून निवृत्त झाली. शिल्पशाळेमागच्या मोकळ्या जागेवर वाहनतळ होणार असे ठरले, तेव्हा फरसबंदीच्या आधी तिने त्या जमिनीचा एक तुकडा गवत, मुंग्या, गांडुळांसकट सलग कापवून लाकडी चौकटीत बसवला. "मी काही घडवलेलं नाही," ती म्हणाली, "तुमच्या तावडीतून सोडवलंय." तिची अट एकच होती: प्रदर्शन संपले की माती पुन्हा जमिनीत, याच आवारात. मी शब्द दिला. रोज सकाळी मी पाणी शिंपडत असे. गवताला तुरे येऊ लागले होते, आणि दालनात पाऊल टाकताच आधी वास भेटे, चित्रे नंतर.

मग शेजारच्या खोलीत, संस्थापकांच्या तैलचित्राच्या चौकटीत, वाळवी निघाली.

"दोन्ही खोल्यांना वायूची धुरी द्यावी लागेल," जतनतज्ज्ञ म्हणाले.

"आणि माती?"

"मातीत काय आहे?"

"मुंग्या. गांडुळं."

"म्हणजे कीडच की हो."

माती बाहेर काढायची म्हटले, तर ती दारातून निघेना. ती आत आल्यानंतर दालनाला नवे काचेचे दार बसले होते. ऊर्जेची बचत करणारे, त्यामुळे अरुंद. दोन तुकडे केले तर निघाली असती. मी आत्याला फोन केला. "कर की," ती म्हणाली, "माझे तुकडे केले असतेस तरी चाललं असतं, पण तिला बाहेर काढ."

संचालकांनी माझ्यासमोरच विमा कंपनीच्या माणसाला स्पीकरवर फोन लावला.

"कलाकृतीचे तुकडे? ती नासधूस झाली," तिकडून उत्तर आले. "मग विमा संपला."

"पण धुरीने ती मरेल," मी म्हटले.

कागद चाळल्याचा आवाज आला. "मरण्याबद्दल इथे काहीच नाही. मेली तर चालेल, मॅडम. मोडता कामा नये."

जतन या विषयावरील जे ग्रंथ वाचून मी डोळे अधू करून घेतले, त्यांतील एकालाही हे इतक्या स्वच्छ शब्दांत साधलेले नाही.

"आत्याबाईंची आहे म्हणून तुम्ही हळव्या होताय," संचालक म्हणाले. "अहो, तिकडे संस्थापकांचा चेहरा आहे."

"संस्थापकांना पाहिलंय कोणी?"

"म्हणून तर चित्र हवं!"

मी लेखी आक्षेप दिला. त्याची पोच मिळाली. दारे सीलबंद झाली.

दारे उघडली तेव्हा वाळवी मेली होती, संस्थापक वाचले होते, आणि गवत जागच्या जागी उभे होते. काही दिवसांत ते फिकट सोनेरी झाले. दिव्यांखाली, खरे सांगायचे तर, पूर्वीपेक्षा देखणे दिसू लागले. कुलगुरू पाहुण्यांना घेऊन आले. "बघा, किती जिवंत वाटतं!"

"मेलंय, सर."

"वा!" ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "ही खरी कलेची भाषा."

पाटीवरचा 'जिवंत' हा शब्द तरी काढू द्या, अशी विनंती मी केली. ते शीर्षक आहे, माहिती नव्हे, असे मला समजावण्यात आले. त्यानंतर समितीने ती माती एकमताने कायमस्वरूपी संग्रहात घेतली. पाणी नको, कीड नाही. देखभालीचा प्रश्नच उरला नव्हता.

आत्या आली ती शेवटच्या दिवशी. मातीभोवतीच्या दोरीच्या अलीकडे उभी राहून तिने एक दीर्घ श्वास घेतला.

"वास कुठे गेला गं?"

मी दोरी सरळ केली.

"पाणी घालतेस?"

"रोज."

"कशाला?"

खिडकीबाहेर वाहनतळाच्या फरशा कुंपणापर्यंत पोचल्या होत्या. तिने तिकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"परत ठेवणार होतीस."

"संग्रहात घेतलीय, आत्या. कायम केलीय."

"कायम!" ती हसली. "मला कायम करायला तुमच्या विद्यापीठानं अर्धं आयुष्य घेतलं. हिला मरताक्षणी केलं. नशीबवान आहे."

मग ती वाकली. दोरीवरून हात पुढे नेत म्हणाली, "एक मूठ नेते. कुंडीत घालीन."

"कृपया कलाकृतीला हात लावू नये," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून, पाटीवर लिहिले आहे तसे, शब्दशः. जन्मात कधी मी तिच्याशी 'तू'शिवाय बोललेली नाही.

तिचा हात मातीच्या वर क्षणभर तसाच थांबला. मग तिने तो मागे घेतला आणि कोरडाच पदराला पुसला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मोडेल."