जावेचा बंकर

कोकिळाने घाट्याचा गोळा प्लास्टिकच्या कागदावर आपटला आणि ओल्या हाताने बिबडी थापायला घेतली. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम आहे तोवरच हे पापड नीट थापले जातात. त्याला दहा हात लागतात, म्हणून पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत उन्हाळ्यात प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आज पाळी कोकिळाची. आणि गच्चीवर बाई एकटी!

बाकीच्या सगळ्या शेजारच्या अंगणात, तिच्या धाकट्या जावेचा बंकर बघायला. दिपमालाने सकाळीच तिथं नारळ फोडला होता. तिचा ज्ञानेश्वर फौजेत. सीमेवर जुंपली तसा तो फोनवर म्हणाला, आई, अंगणात खड्डा तरी खणून ठेव. मुलाने सांगितलं, आईने खणला. विटांच्या भिंती, वर गर्डर, पत्रा, त्यावर मातीच्या गोण्या. विमानं काही आली नव्हती. पण मे महिन्याच्या जळगावात आत शिरलं की अंग कसं गार व्हायचं, मग गल्ली तिथंच लोटणार नाही तर काय!

कोकिळाची सासूही तिथंच. तानुबाई इतकी वर्षं कोकिळाकडे राहिलेली, तिच्याच हातचा चहा लागणारी. कोकिळा तरातरा खाली उतरली आणि बंकरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"आई, चला. बिबड्या थापायच्यात."

"माले आठेच राहू दे वं," आतून तानुबाई म्हणाली. "आठे कसं गार शे!"

"अक्का, तुम्हीही या ना." दिपमालाने सरकून जागा केली.

"माझा घाटा थंड होतोय."

कोकिळा फणफणत परतली. जागा करून देते म्हणे! जशी काही सासू हिचीच. तिचा नुसता जळफळाट झाला. त्या दिवशी अर्धा घाटा गाईला घालावा लागला.

नवरा घरात शिरतो न शिरतो तोच ती म्हणाली, "आपणही खणू."

"अगं, जळगावात कोण बॉम्ब टाकतंय?" प्रेमराज हसला.

"मग दिपमालाच्या अंगणात टाकणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. कोकिळाचा खड्डा जावेच्या दीडपट. बसायला कडप्प्याचा ओटा, पंख्याला पॉइंट, आणि वर पत्राबित्रा नाही, चक्क स्लॅब. सासूबाईंना टेकायला नवा तक्क्याही आणला. स्लॅब पडला की पूजा, सगळ्यांनी यायचं, हे गल्लीभर सांगून झालं. तानुबाई मात्र अजून पलीकडेच दुपार काढत होती.

सळया बांधून झाल्या, मिक्सर सुरू झाला, आणि गल्लीत एकच गलका उठला. प्रेमराज मोबाइल नाचवत आला.

"थांबली! लढाई थांबली!"

कुणी फटाके लावले. मिस्त्रीने घमेलं खाली ठेवलं.

"मग वहिनी, आता कशाला स्लॅब?"

कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने.

"अजून चार दिवस चालली असती, तर काय बिघडलं असतं कुणाचं?"

चांगली मोठ्याने बोलली ती. मग तिला मधल्या भिंतीपलीकडे दिपमाला दिसली. फोन कानाला, पदर तोंडाशी, गाल ओले. तिला ऐकू गेलं नसेल असं म्हणायला जागाच नव्हती.

दिपमालाने पदराने फोन पुसला आणि भिंतीवरून पुढे केला.

"ज्ञानू आहे. तुम्हाला मागतोय."

कोकिळाने घामेजला हात साडीला पुसला आणि फोन घेतला.

"मोठी आई, तुमचा बंकर झाला का पुरा?" तिकडून ज्ञानेश्वर विचारत होता. "आजीला आणि तुम्हाला आपल्या बंकरमध्ये बसव, असं मीच आईला सांगितलं होतं. आजीला तर शपथच घातली, हलायचं नाही म्हणून. तुम्ही गेलाच नाहीत म्हणे. मला इकडे घोर लागला होता तुमचा."

कोकिळाने पदर तोंडाशी धरला.

"मोठी आई? आवाज येतोय ना?"

"येतोय रे," ती म्हणाली आणि सळयांच्या कडेला खाली बसली.