ताईंची नक्कल

रक्त तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत पोपटचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की तो हुबेहूब काढायचा. प्रमुख डॉक्टरीणबाईंचं खाकरणं असो, नाहीतर नमुने आणणाऱ्या ड्रायव्हरचं 'आलोच दोन मिनिटांत' असो, चहाच्या सुट्टीत त्याला फर्माईश ठरलेली.

राहता राहिल्या होत्या ताई. पोपटच्या शेजारच्या टेबलावर त्या अठरा वर्षं काम करत होत्या, म्हणजे पोपट शाळेत होता तेव्हापासून. त्यांची रीत एकच. नळी उचलायची, लेबल मोठ्याने वाचायचं. मग वहीतली नोंद मोठ्याने वाचायची. दोन्ही जुळलं की शेवट लांबवून म्हणायचं, "बरोऽब्बर!" आणि नळी रॅकमध्ये. "चार-शून्य-सात, स्त्री, बावन्न, उपाशी," असं पाढे म्हणावेत त्या चालीत त्यांचं सकाळभर चालायचं.

एका मंगळवारी पोपटने चहाच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उचलला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि सुरू केलं, "तीन-शून्य-दोन, बिस्किट, वय चार महिने, उपाशी... नाही हो, जेवलेलं! बरोऽब्बर!"

ड्रायव्हरला ठसका लागला. डॉक्टरीणबाई दारात थांबून हसल्या. ताईही हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. "मेल्या, माझा चष्मासुद्धा सोडला नाहीस!" म्हणाल्या. पोपटला वाटलं, मैदान मारलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत ताई दोनदा चुकल्या. दुसऱ्या वेळी तर दोन बायकांच्या नळ्यांची अदलाबदल झाली. जुन्या रिपोर्टशी आकडे जुळेनात म्हणून डॉक्टरीणबाईंनी फेरतपासणी केली, तेव्हा उमगलं. रिपोर्ट बाहेर गेला नव्हता, एवढंच नशीब. शुक्रवारी त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तुम्ही पुढच्या काउंटरवर बसा. रिपोर्ट द्यायचे, बस्स. वय झालं की होतं असं." टेबलाच्या खणातली आपली पेनं ताईंनी तेव्हाच काढून पर्समध्ये टाकली.

पोपटला हे पटेना. डोळे बिघडले म्हणावं, तर कालच त्यांनी त्याच्या शर्टावरचा शाईचा ठिपका दारातून ओळखला होता. प्रयोगाचं उत्तर अचानक बदललं, तर आधी पाहायचं की मधे काय बदललं. यंत्र तेच, वही तीच, नळ्या त्याच. मग काय बदललं? शेजारच्या टेबलावर कमालीची शांतता होती. ती कधीपासून, हे तो आठवू लागला आणि थेट त्या मंगळवारपाशी येऊन अडकला.

दुपारी तो ताईंजवळ जाऊन उभा राहिला. "ताई, हल्ली मौनव्रत की काय?"

ताईंनी वर पाहिलं नाही. विनोद तिथेच पडला. मग त्याने सरळ विचारलं, "मोठ्याने वाचत का नाही?"

"वाचवत नाही रे."

"माझा राग आला होता तर तेव्हाच बोलायचं. तुम्ही तर हसलात!"

"हसले, कारण चांगली होती नक्कल. राग नाही आला. पण आता तोंड उघडलं की माझा नाही, तुझा आवाज ऐकू येतो मला. बिस्किटवाला. मग जीभच अडखळते. म्हणून मनात वाचते."

पोपट तसाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या नकलेने अठरा वर्षांचं माणूस चुकायला लागलं? फारच मोठा कलाकार समजतोस की स्वतःला."

"कलाकाराचा प्रश्न नाही मॅडम. आधी त्यांचे डोळे वाचत होते आणि कान तपासत होते. आता नुसते डोळे आहेत. तपासणारा मीच घालवला."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. "सोमवारचा एक दिवस देते. दोघांनी मोठ्याने वाचायचं. एक नळी चुकली की दोघंही काउंटरवर."

सोमवारी पोपटने पहिली नळी उचलली आणि वाचायला लागला. नक्कल करताना कधी न लाजलेला माणूस स्वतःच्या आवाजात वाचताना कानापर्यंत तापला. "घ्या! आता बारा महिने तमाशा!" ड्रायव्हर ओरडला. "तुझे नमुने ठेव आणि चालता हो," पोपट म्हणाला आणि वाचत राहिला. अकराव्या नळीला त्याच्या तोंडून लेबलावरचं 'पुरुष' गेलं, वहीत 'स्त्री' होतं, आणि जीभ आपोआप थांबली. मनात वाचलं असतं तर पुढे गेला असता, हे त्याला स्वच्छ कळलं.

"परत वाच," शेजारून ताई म्हणाल्या. त्याने वाचलं. वहीत एक ओळ खाली पाहिलं होतं त्याने.

"हं. आता मी वाचते. तू ऐक."

ताईंनी नळी उचलली. आवाज खालच्या पट्टीत निघाला. चाल नव्हती, शेवट लांबवलेला नव्हता. नुसते आकडे, मग नुसतं 'बरोबर'. पोपटने मान हलवली. पुढची नळी. त्याच्या पुढची. मधेच एकदा ताई थांबल्या.

"एक सांगू? नक्कल कर माझी. माझ्या चालण्याची कर, मी फोनवर भावजयीशी भांडते त्याची कर, मी पण हसेन. पण ज्याच्यावर माझं काम उभं आहे, त्याला हात लावू नकोस."

"नाही लावणार."

"आणि भांडणाची करशील तर नीट कर. भावजय जास्त ओरडते, मी नाही."

दुपारपर्यंत दोघांच्या मिळून चौसष्ट नळ्या झाल्या. डॉक्टरीणबाई किती वेळ दारात उभ्या होत्या, कुणाला कळलं नाही. जाताना त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात काउंटरपुढचं ताईंचं नाव खोडलं. ताईंनी पर्स उघडली, एकेक करून पेनं खणात ठेवली आणि पासष्टावी नळी उचलली.