वरच्या उतारावरचा कोरा चौकोन

औंढे गावामागच्या डोंगरावर, दोन उतारांवर, ज्योत्स्नाने जंगलाचे चौकोन आखले होते. काहींना फॉस्फरस, काहींना नायट्रोजन, काहींना दोन्ही. आणि प्रत्येक उतारावर एक चौकोन तुलनेसाठी कोरा, ज्याला काहीच द्यायचे नाही. इथल्या तांबड्या मातीतले लोह फॉस्फरस घट्ट धरून ठेवते. तो बाहेरून मिळाला तर जांभूळ-हिरड्याची रोपे जोमाने वाढतील, असे तिचे गृहीतक होते. चार पावसाळे गेले. रोपांनी गृहीतकाची दखल घेतली नाही.

प्रबंधासाठी ही शेवटची मोजणी होती. बरोबरीचे सगळे प्रयोगशाळेतून पांगले होते, आणि गावातल्या भाड्याच्या खोलीत दिवसभरात तिला कोणाशी बोलायला लागत नसे. अपवाद जंगलाच्या वाटेवरच्या शेवटच्या घरातल्या सरुबाईंचा. मुलगा प्रितम तळेगावच्या कंपनीत लागल्यापासून त्याही एकट्याच होत्या.

त्या सकाळी वरच्या उतारावरची रोपे वाढलेली आढळली. पाने गर्द, शेंडे नवे. फक्त ती कोऱ्या चौकोनातली होती.

ज्योत्स्नाने आनंद लांबणीवर टाकला. टेप तपासली, पुन्हा मोजले. खत वरून झिरपले असावे म्हणावे, तर वर खताचा चौकोनच नव्हता. मग तिने पालापाचोळा बाजूला सारला. खाली करड्या मातीत कोळशाचे बारीक कण होते.

सरुबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, वरच्या चौकोनात राख कोणी टाकली?"

"म्या. का गं?"

"कधी?"

"औंदाच्या वैशाखात, आन् मागच्याबी. तू पुण्याला गेलतीस तवा. भात लावायचं बंद केलं, पर राब भाजल्याबिगर मला ऱ्हावंना. पालापाचोळा, शेण रचलं, भाजलं. त्या वाफ्यात भाताचं रोप टाकायला कोन हाय हितं? मग राख पाटीत भरून वर नेली."

"पण त्याच चौकोनात का?"

"बाकीच्यास्नी मुठीमुठीनं घालतीस आन् त्याला कायबी न्हाई. सवतीचं पोर हाय का ते?"

"त्याला काही द्यायचं नसतं, मावशी. इतरांना दिल्यानं काय फरक पडला, ते त्याच्याकडे बघून कळतं."

सरुबाईंचा हात सुपात थांबला. "म्हंजे उपाशी ठिवून नुसतं बघायचं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुजं काय बिघडलं का त्यानं?"

"वरचा उतार बाद झाला."

"रोपं वाढली न्हवं पर?"

"वाढली. कशामुळे ते सांगता येत नाही. राखेत पुष्कळ गोष्टी असतात."

"म्या सांगते की. राखेनं!" त्या हसल्या, आणि ज्योत्स्ना हसत नाही हे पाहून थांबल्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय, पोरी? रोज तर ह्याच वाटंनं जातीस."

ते खरे होते. रोज ती पावसाबद्दल बोलत असे, गुडघेदुखीबद्दल विचारत असे. वर काय करते, हे तिने कधी सांगितले नव्हते. कोणाला त्यात रस असेल, असे मानायला तिच्याकडे पुरावा नव्हता.

संध्याकाळी तिने हे फोनवर सांगितल्यावर मार्गदर्शक म्हणाले, "वरचा उतार वगळा. खालच्यावर लिहा." खालच्या उतारावर लिहिण्याजोगे एकच वाक्य होते: फॉस्फरसचा परिणाम आढळला नाही. तिने ते लिहिले. वगळण्याच्या कारणासमोर आधी 'बाह्य हस्तक्षेप' असे लिहिले. मग ते खोडून 'शेजारच्या घरातील व्यक्तीने दोन उन्हाळे राबाची राख घातली' असे केले. वाक्य लांबले, पण त्यात चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दोऱ्या सोडवायला वर गेली. पाठोपाठ सरुबाई धापा टाकत आल्या आणि न विचारता खुंट्या उपटू लागल्या. आधी खालच्या उतारावरचे काम संपवून दोघींनी वरच्या उतारावरच्या दोऱ्याही सोडवल्या.

"आता येणार न्हाईस मग," सरुबाई म्हणाल्या.

"इथं काम उरलं नाही."

सरुबाईंनी खुंट्यांची मोळी बांधून तिच्या हातात दिली आणि कोऱ्या चौकोनाकडे पाहिले. दोरीवाचून तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ज्योत्स्नालाही नक्की सांगता आले नसते.