पालथं ताट

गॅरेट जन्मला तेव्हा नर्स म्हणाली होती, "लोरीन, हे बाळ नाही, बीटाचं पोतं आहे." आमच्या गावात पोर अंगानं आडवं निघालं की पुढचं सगळं ठरलेलं असतं: शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघात पुढची फळी. तिथं चेंडू हातात येत नाही, पेपरात नाव येत नाही. अंगावर येणाऱ्याला अडवायचं, जमलं तर आडवं करायचं, आणि मागच्या चेंडू फेकणाऱ्या देखण्या पोराला ओरखडा उठू द्यायचा नाही. टाळ्या अर्थात त्या देखण्याला.

माझा नवरा डेनिसही त्याच फळीतला. त्याचा खेळ सुटला, पण खेळातलं खाणं सुटलं नाही. गॅरेट नववीत असताना, बीट काढणीच्या दिवसांत, साखर कारखान्यासमोरच्या रांगेत डेनिस ट्रकच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. रांग पुढे सरकली, हा सरकला नाही. हृदयानं दगा दिला होता.

त्याच वर्षी गॅरेट संघात गेला. हंगामात दर गुरुवारी चर्चच्या तळघरात फळीतल्या पोरांना जेवण असतं. भाजलेलं बीफ, कुस्करलेले बटाटे, कोबी-खिमा भरलेले पाव, वर दालचिनीचे रोल. ताटात मोकळी जागा दिसली की आम्ही बायका विचारत नाही, वाढतो. नको असेल त्यानं ताट पालथं घालायचं. ते म्हातारे घालतात, नाहीतर पथ्यावरचे. फळीतल्या पोरानं घातलं तर शुक्रवारी मैदानात कुठल्या तोंडानं उतरेल? मीही वाढायला जायचे. स्वतः मात्र डेनिसनंतर त्या तळघरात कधी जेवले नाही. घास उतरायचाच नाही.

पोरगा मात्र असा खेळला की त्याला तोड नव्हती. एकदा त्यानं समोरच्याला ढकलत ढकलत थेट त्याच्याच संघाच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांचा कोच तक्रार घेऊन पंचांकडे धावला. पंच म्हणाले, "नियमात बसतं. तुमचा पोरगाही बसलाय." बारावीत आम्ही राज्याचं अजिंक्यपद आणलं, आणि मोठ्या विद्यापीठानं त्याची सगळी फी माफ करून त्याला उचललं.

तिथं खाणं म्हणजे अभ्यासाचाच विषय. भूक असो नसो, घड्याळ बघून जेवायचं. त्याच्या वजनानं तीनशे पौंड ओलांडले तेव्हा गावानं कौतुकाचा फलक लावला. शेवटच्या वर्षी तो विद्यापीठांच्या त्यांच्या गटात फळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"आई, डॉक्टर म्हणतात रक्तदाब फार वाढलाय. बाबांचं सगळं विचारत होते."

"मग सोड."

"व्यावसायिक संघांचे लोक बघायला येणारेत. गाव काय म्हणेल?"

"गाव खड्ड्यात गेलं!" मी ओरडले. ठरवायचं त्यालाच होतं, आणि मला भीतीनं झोप येईना.

विद्यापीठाचा शेवटचा सामना संपला आणि तो घरी आला. गावानं तळघरात जेवण ठेवलं. शाळेच्या संघाचे कोच रुडी, म्हणजे त्याच शाळेत डेनिसच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला माणूस, ग्लास उंचावून उभे राहिले. "वसंतात व्यावसायिक संघांची निवड आहे. अजून वीस पौंड चढव, लेका, की मैदान मारलंस!"

टाळ्या पडल्या. वाढणाऱ्या बायकांतली अर्लीन वागनर लगेच पातेलं घेऊन हजर. "गॅरेट, ताट रिकामं कसं रे? आईनं उपाशी ठेवलंय की काय?"

गॅरेटनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच उभी होते. त्यानं पावाच्या तुकड्यानं ताटातला रस्सा सावकाश पुसून घेतला, तुकडा खाल्ला आणि ताट पालथं घातलं.

अर्लीनच्या डावातला रस्सा टेबलक्लॉथवर ठिबकत राहिला.

"बरं नाही का रे?" कोचनी विचारलं.

"बराय, कोच. पोट भरलंय."

"आत्ताच?"

"नववीपासून," गॅरेट म्हणाला. "मी बाबांच्या मागोमाग चाललोय, कोच. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. मी खेळणार नाही आता."

कोचनी त्या पालथ्या ताटाकडे बघितलं. मला वाटलं, आता उखडतील. त्यांनी आपलं ताट ओढलं, त्यातला दालचिनीचा रोल उचलून शेजाऱ्याला दिला आणि ताट उलटं केलं.

"डेनिसला हे कुणी शिकवलं असतं तर," ते म्हणाले. "माझाही डॉक्टर कधीचा बोंबलतोय."

"वा रे वा!" अर्लीन फणकारली, डोळे पुसत. "आणि हे पातेलं कोण संपवणार? मी?"

सगळे हसले. गॅरेट तर पोट धरून हसला. त्याला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्याचं ताट उचलून सरळ केलं.

"यात वाढ, अर्लीन," मी म्हटलं. "मला भूक लागलीय."