धुलाईघरातलं दुखणं

इस्पितळाच्या धुलाईघरात अंगदुखीची पाहणी सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी एकही बाई दुखतंय म्हणून कबूल होईना. दिवसभर ओल्या चादरींचे ढिगारे उपसायचे, आणि खांदे म्हणे ठणठणीत! डॉक्टरबाईंच्या हाताखाली प्रश्न विचारायला लागलेली मदतनीस, तान्ह्याला सासूबाईंकडे सोपवून येणारी, पार रडकुंडीला आली होती. कामामुळे जडलेलं दुखणं कशाला म्हणायचं ते डॉक्टरबाईंनी आधीच ठरवलं होतं: वर्षभरात कधीतरी सलग आठवडाभर दुखलेलं हवं. अशानं अख्खं धुलाईघर निरोगी ठरणार आणि चादरी उचलायला यंत्र मागायची सोयच उरणार नाही.

"मावशी, खांदा दुखतो का?" तिनं सगळ्यांत जुन्या बाईला विचारलं.

"छे गं! दुखायला वेळ कुणाला आहे? दुखणी आमच्या ह्यांना. नुसती शिंक आली तरी घर डोक्यावर घेतात."

सगळ्या खिदळल्या. हसता हसता मावशीनं फळीवरचा साबण काढला, पण उजवा हात न उचलता, अख्खी वळून, डाव्या हातानं.

मदतनीस त्या न उचललेल्या हाताकडे बघत राहिली. बाळाला लस टोचली की ती अशीच टक लावून बसायची. रडं थांबलं तरी कोणता पाय हलत नाही ते बघत.

"बाई," डॉक्टरबाईंकडे वळून ती चाचरत म्हणाली, "दुखतंय का विचारण्यापेक्षा काय करायचं सोडलंत, असं विचारलं तर?" आणि तिनं जीभ चावली. म्हणजे आजवरच्या मुलाखती पाण्यात!

दुसरं कुणी असतं तर आपली व्याख्या कवटाळून बसलं असतं. बाई म्हणाल्या, "पाण्यात तर पाण्यात. तोकडी माझी व्याख्या, त्यात या बायकांचा काय दोष? पण नुसतं सोडलं एवढ्यानं भागायचं नाही, वयानंही सुटतं. इथं लागल्यावर सुरू झालं का, रजेत उतरतं का, हेही विचार. आणि सगळ्यांना पुन्हा विचारायचं. नाहीतर आपल्याला हवं तेच आपण मोजू."

दुसऱ्या दिवशी मावशीपासूनच सुरुवात झाली.

"हल्ली काय करायचं सोडलंत, मावशी?"

मावशीचं हसू मावळलं. "वेणी. हात मागे जातच नाही. लेक घालून देते."

"पूर्वी जायचा?"

"इथं लागले तेव्हा जायचा की! लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर रजा काढली, तेव्हा हात मोकळा झाला नि पुन्हा माझी मीच घालायला लागले होते. तिचीसुद्धा."

"अगं बाई, माझंही तस्संच!" मागून एकजण हात पुसत पुढे आली. तिच्यामागे आणखी दोघी.

डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची पुढे आलेल्या बाईकडे सरकवली आणि उभ्यानंच लिहायला सुरुवात केली.